थडी कोणाची, बोट कोणाची?

खानदेशच्या माणसाला समुद्र नाही. आमच्या लहानपणी ज्यांना समुद्र पाहण्याची हौस असे ते भुसावळ-सुरत गाडीत बसून सुरतेस जात आणि डुमसची काळी वाळू पाहून येत. पुळण हा शब्दही आम्हाला कोकणातल्या लेखकांनी शिकविला. आमच्याकडे नदीला थडी असते, काठ असतो, आणि तापी-गिरणेची थडी उन्हाळ्यात कशी दिसते हे जळगाव-धुळ्याच्या वाचकांना सांगावयास नको. म्हणून माझा एक माजी विद्यार्थी गेल्या चैत्रात भ्रमणध्वनीवर काही छायाचित्रे घेऊन आला आणि म्हणाला, “सर, आपल्याकडेही आता बीच आहे. बोटीनेच जावे लागते, दुसरी वाटच नाही,” तेव्हा मला प्रथम हसू आले. छायाचित्रांत काळ्याभोर कातळाची एक खोबण होती, तिच्यात हिरवे स्थिर पाणी, पाण्याच्या कडेला काळ्या खड्यांचा आणि गाळाचा चंद्रकोरीसारखा पट्टा. मनुष्यवस्तीची खूण नाही. हे ठिकाण नर्मदेच्या काठी, अक्कलकुवा तालुक्याच्या उत्तर टोकाला, म्हणजे १ जुलै १९९८ पर्यंत जो आमचा धुळे जिल्हा होता त्यात आहे, असे त्याने सांगितले तेव्हा मात्र हसू मावळले. कारण त्या काठावर मी पूर्वी एकदा गेलो होतो, आणि तेव्हा तेथे जाण्यास बोट लागली नव्हती.

ती गोष्ट १९९२ ची. मणिबेलीचा सत्याग्रह चालू होता. मी तेव्हा महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होतो आणि चार विद्यार्थ्यांना घेऊन, वाहनाची वाट जेथे संपली तेथून पायी, डोंगर उतरून नदीपर्यंत गेलो होतो. नर्मदा त्या वेळी नदी होती. ती वाहत होती आणि तिचा आवाज येत होता. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर उभे होते. परिक्रमावासी ज्या शूलपाणीच्या झाडीला भीत आणि जेथे भिल्लांनी लुबाडल्याच्या हकिगती पुढे आयुष्यभर सांगत, ती झाडी तेव्हाच विरळ झाली होती. परंतु उतारावर शेते होती, खळी होती, मोहाची झाडे होती.

या वेळी आम्ही मोलगीहून जीपने गेलो. मोलगीच्या बाजारात आमचुराच्या गोण्या येऊ लागल्या होत्या. जीप जेथे थांबली तेथून पाणी खाली दिसत होते. धक्का म्हणावे असे काही नव्हते. कातळावरून घसरत, एकमेकांचा हात धरून आम्ही बोटीत उतरलो. लोखंडी बोट, डिझेलचे इंजिन, बसावयास आडव्या फळ्या. माझ्या विद्यार्थ्याने ती दिवसभरासाठी अडीच हजार रुपयांस ठरविली होती. बोटवाला त्याच काठच्या एका गावचा, चाळिशीतला वसावे मंडळींपैकी मनुष्य. तो मला ‘गुरुजी’ म्हणू लागला, आणि मीही ते खोडून काढले नाही.

ते ठिकाण सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहावयाचे आहे ते कोरड्या म्हाताऱ्याची कुरकुर आहे असे कोणास वाटणार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचला आणि त्यातून दख्खनचे पठार झाले, हे आपण शाळेत शिकलो. त्या थरांना ‘ट्रॅप’ हे नाव ज्या स्वीडिश शब्दावरून पडले त्याचा अर्थ पायरी. सातपुड्याच्या या कुशीत त्या पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. आणखीही एक विशेष येथे आहे. जुन्या थरांना उभे चिरत वर आलेला लाव्हा भेगांतच थिजला आणि त्याच्या भिंती झाल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारच्या प्रदेशात अशा भिंती शेकड्यांनी आहेत, आणि रस्त्याने जाताना माळावर कोणी मैलोगणती गडकोट बांधून सोडून दिला आहे की काय असे वाटते. आम्ही ज्या खोबणीत शिरलो तिला दोन्ही बाजूंनी अशाच भिंतींचा आडोसा होता. बाहेर वारा पाण्यावर लाटा उठवीत होता, आत पान हलत नव्हते. कातळात पांढऱ्या स्फटिकांचे डोळे चमकत होते. ज्या खडकाची झीज होऊन खानदेशची काळी कपाशीची जमीन झाली आणि ज्या जमिनीवर जळगावची केळी पोसली, तो खडक येथे उघडानागडा पाण्याला टेकला होता. मी पायांतल्या चपला काढून त्या खड्यांवर अर्धा तास बसलो. सदुसष्टाव्या वर्षी असे बसावयास मिळणे हा लाभच आहे.

मग बोटवाला जवळ येऊन बसला आणि म्हणाला, “गुरुजी, हितं आमचं खळं होतं.”

तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही. एखाद्याने पाहुण्याला घर दाखवावे तसे त्याने बोटाने दाखविले: हे खळे, तो बांध, तेथे दोन आंबे. मला मात्र त्यानंतर तो खडक निसर्गाने उघडा ठेवलेला वाटेना. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर आहे आणि किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे पावसाळ्याअखेर पाणी जेथे असते त्याच्या अठ्ठावीस मीटर खालपर्यंत ते उन्हाळ्यात उतरू शकते. नऊ मजली इमारतीएवढ्या उंचीचा हा पट्टा पाण्याखाली जातो व बाहेर येतो, आणि प्रत्येक फेरीत उतारावरची थोडी माती घेऊन जातो. माती गेली की कातळ उरतो. आमची ती रमणीय पुळण म्हणजे एका शेताचा सांगाडा होता. ती कधी दिसावी आणि कधी बुडावी हे ऋतूंबरोबरच गुजरातचे कालवे आणि वीजगृह यांना किती पाणी हवे यावरही ठरते. ज्यांची ती जमीन होती त्यांना त्या वेळापत्रकात विचारण्याची सोय नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आजच्या तरुण वाचकांचा जन्म त्यानंतरचा आहे. धरणाची कोनशिला पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसविली. राज्याराज्यांतला तंटा लवादाकडे गेला आणि १९७९ मध्ये निवाडा अंमलात आला. नर्मदेचे वापरण्याजोगे पाणी अठ्ठावीस दशलक्ष एकर-फूट धरून त्यातले सव्वाअठरा मध्य प्रदेशास, नऊ गुजरातेस, अर्धा राजस्थानास आणि पाव महाराष्ट्रास मिळाला. विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. बुडिताच्या बाजूस महाराष्ट्राची तेहतीस गावे, नऊ अक्कलकुव्याची आणि चोवीस अक्राणीची. जमिनीच्या बदल्यात जमीन, प्रत्येक पात्र कुटुंबास किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब, ही लवादाची तरतूद त्या काळी देशात अपूर्व होती आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच पुनर्वसनाचा कायदा केला होता. परंतु तळोद्याच्या जंगलाची जमीन मोकळी करून सोमावल, रोझवा, नर्मदानगर अशा वसाहती उभ्या राहिल्या तरी सर्व माणसे तेथे गेली नाहीत. कोणाची जमीन कागदावर बुडालीच नाही, कोणाची टापू होऊन पाण्यात उभी राहिली, कोणाचे नाव यादीत नव्हते, आणि कोणाला डोंगर सोडावयाचाच नव्हता. पाणी चढेल तसतशी ही माणसे वर सरकली. १९९३ मध्ये जागतिक बँक बाजूस झाली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला, २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. ज्या मणिबेलीच्या नावाने १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जांविरुद्ध जाहीरनामा काढला, ती मणिबेली आज महाराष्ट्राच्या मतदान केंद्रांच्या यादीतले पहिले नाव आहे. निवडणूक आली की मतदानयंत्रे घेऊन कर्मचारी बोटीने तेथे जातात. वृत्तपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात आणि लोकशाहीचे कौतुक होते. ते कौतुक योग्यच आहे. परंतु मतमोजणी संपली की ती बोट जाते कोठे, असा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आढळले नाही.

येथे मला माझ्या विषयाकडे वळावे लागेल. एखाद्या रमणीय स्थळाचे मोल पैशात कसे मोजावे, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांना फार दिवस छळीत होता. कारण सूर्यास्ताला बाजारभाव नसतो. १९४७ मध्ये हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकन पंडिताने तेथील राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यास पत्र लिहून एक युक्ती सुचविली, आणि पुढे १९५९ मध्ये मॅरियन क्लॉसनने तिला व्यवहारात आणले. युक्ती अशी की, लोक त्या स्थळी येण्यासाठी प्रवासावर किती पैसा आणि वेळ खर्च करतात ते पाहावे. दुरून येणारा जास्त खर्च करतो, जवळचा कमी. त्यावरून मागणीचा वक्र काढता येतो आणि स्थळाचे मोल सांगता येते. याला प्रवासखर्चाची पद्धती म्हणतात. मी ती तीस वर्षे फळ्यावर काढून दाखविली. युक्ती चतुर आहे यात शंका नाही.

त्या खोबणीत बसलो असताना तिच्यातला एक चमत्कार ध्यानात आला. धुळ्याहून मी येथे आलो, जीप केली, बोट केली, दिवस घालविला, तर माझा हा सारा खर्च त्या पुळणीच्या जमेच्या बाजूस मांडला जातो. जितका रस्ता वाईट, जितकी बोट महाग, तितके ते ठिकाण माझ्या लेखी अधिक मोलाचे ठरते, कारण तरीही मी आलो. आता त्याच पाण्यावरून, त्याच बोटीने, प्रसूतीच्या कळा देणारी एक बाई दवाखान्याकडे निघते. तिचे भाडे, तिच्या नवऱ्याची बुडालेली मजुरी आणि बोट येईपर्यंत काठावर गेलेले तास कोणत्या खात्यात मांडावयाचे? माझा प्रवासखर्च हा ‘लाभ’ आणि तिचा प्रवासखर्च हा काहीच नाही? धरणाच्या लाभ-खर्चाच्या ज्या हिशेबावर पिढ्यानपिढ्या वाद झाले त्यात बुडालेली जमीन मोजली गेली, झाडे मोजली गेली, घरांची कौले मोजली गेली. परंतु पायवाट बुडाली, आणि त्यानंतर दळणाला, बाजाराला, शाळेला, औषधाला जन्मभर बोटीचे भाडे भरावे लागणार, हा वर्षानुवर्षांचा खर्च मोजलेला मला दिसला नाही. एकदाच भरपाई देऊन संपणारे हे नुकसान नाही. हा कर आहे, आणि तो ज्यांच्यापाशी सर्वांत कमी आहे ते रोज भरतात.

२०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः वल्हे मारीत पाड्यांवरच्या बालकांना आणि गरोदर स्त्रियांना आहार पोचवीत होती. तिचा देशभर सत्कार झाला. ते योग्यच होते. पण होडी वल्हविणे हे अंगणवाडी सेविकेच्या कामात मोडत नाही, आणि जे काम शासनाच्या बोटीने व्हावयाचे ते एका तरुण आईच्या दंडांनी झाले, हे त्या सत्काराच्या भाषणांत फारसे आले नाही. आदल्याच वर्षी, २०१९ च्या संक्रांतीला, धडगाव तालुक्यात भुशाजवळ बोट उलटून माणसे बुडाली. बोटीत क्षमतेहून कितीतरी अधिक लोक होते. अधिक लोक का बसतात याचे उत्तर सोपे आहे: दुसरी बोट नसते.

माझे म्हणणे म्हणून साधे आहे. पाणी हा रस्ता समजावा. नर्मदेचा सुमारे चौपन्न किलोमीटरचा काठ महाराष्ट्राचा आहे. त्या काठाने ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्याने, जीवरक्षक जाकिटे आणि तपासलेले इंजिन असलेली सार्वजनिक बोट फिरली पाहिजे. चढण्याउतरण्यास, अठ्ठावीस मीटरच्या चढउताराबरोबर वरखाली होतील असे तरते धक्के पाहिजेत. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, आणि पुढे ती ज्या आडगावांना गेली त्यांतली किती गावे नफ्याची होती? एका मार्गाचा नफा दुसऱ्या मार्गाच्या तोट्यास लावावयाचा, कारण रस्त्याच्या टोकाचा माणूसही राज्याचा नागरिक, या विचारावर ती उभी राहिली. आज एस. टी.चे जे झाले आहे त्याचे दुःख वेगळे. परंतु तो विचार खोटा ठरलेला नाही. आणि पाण्यावर तो चालतो याचा दाखला हवा असेल तर केरळात आहे. तेथे १९६८ पासून राज्याचे स्वतंत्र जलवाहतूक खाते आहे, वेंबनाड सरोवराच्या काठची माणसे शाळेला, कचेरीला त्याच्या बोटींनी अल्प भाड्यात जातात, आणि २०१७ पासून वैकोमजवळ सूर्याच्या विजेवर चालणारी पंचाहत्तर आसनांची बोटही फिरते आहे. केरळचे पाणी वेगळे, वस्ती दाट, हे मला कळते. येथे उतारू थोडे आहेत. पण ते थोडे का उरले याचे कारणही त्याच पाण्यात आहे.

पैसा कोठून आणावा? सरदार सरोवराच्या वीजगृहांची स्थापित क्षमता १४५० मेगावॅट. तिचे २७ टक्के म्हणजे सुमारे ३९१ मेगावॅट. त्या विजेच्या प्रत्येक युनिटामागे एखादा पैसा बाजूस काढून तो या काठाच्या नावे ठेवावा. बोटी चालतील, दवाखान्याची बोट डिझेलअभावी बांधून ठेवावी लागणार नाही. हा उपकार होणार नाही. खाणीच्या गावास स्वामित्वधनाचा वाटा मिळावा हे आता कायद्याने मान्य झाले आहे, आणि बुडालेले गाव ही विजेची खाणच आहे. विजेचा विषय निघाला म्हणून बिलगावची आठवण देतो. अक्राणी तालुक्यातल्या त्या गावाने २००३ मध्ये केरळातल्या तरुण अभियंत्यांच्या साह्याने आणि स्वतःच्या श्रमदानाने उदई नदीच्या धबधब्यावर पंधरा किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारला. पाड्यांत दिवे लागले. २००६ मध्ये सरोवराचे पाणी चढले आणि तो बुडाला. चौदाशे पन्नास मेगावॅटपुढे पंधरा किलोवॅट म्हणजे काहीच नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु त्या पंधरातले सर्व बिलगावचे होते.

आता पर्यटनाचा प्रश्न. माझा विद्यार्थी परतीच्या वाटेत म्हणाला, “सर, तुम्ही नेहमी दुःखच शोधता. येथे तंबू लागले, लोक आले, तर याच पोरांना रोजगार मिळेल.” बोटीवर हाताखाली काम करणारा तरुण तेच म्हणाला, आणि त्याचे म्हणणे मला अधिक गंभीरपणे घ्यावे लागले, कारण तो शाळा शिकलेला, डोंगरावरच राहू इच्छिणारा मुलगा आहे. हिवाळ्यात ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाण्यापेक्षा पाहुण्यांना बोटीतून फिरविणे बरे, असे त्याला वाटले तर त्याला नीतिपाठ देणारा मी कोण? पर्यटन नको असे मी म्हणत नाही. धरणापाशी, केवडियाला, ३१ ऑक्टोबर २०१८ पासून १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा आहे. तेथे बोटी आहेत, दिवे आहेत, फुलांच्या बागा आहेत. त्या बागांच्या जमिनी पूर्वी कोणाच्या होत्या आणि ती माणसे आज तेथे काय काम करतात, हे ज्याने त्याने जाऊन पाहावे. तसेच येथे व्हावयाचे असेल तर मात्र माझा विरोध आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी हे अनुसूचित क्षेत्र आहे, १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस तेथे अधिकार आहेत. काठावरच्या लोकांनी मासेमारीच्या सहकारी संस्था काढल्या आहेत. पाहुण्यांची बोट त्यांचीच असावी, तंबूची जागा ग्रामसभेने ठरवावी, गाळपेर जमिनीवर पहिला हक्क ज्याची ती जमीन होती त्याचा असावा, आणि ज्या गावाला वारी सुटणारी सार्वजनिक बोट नाही त्या गावाच्या काठावर सहलीच्या बोटीस परवाना मिळू नये. ही शेवटची अट माझ्या विद्यार्थ्याला अतिरेकी वाटली. तो वकील आहे, त्यामुळे त्याने मला पाच-सहा अडचणी सांगितल्या. त्यांतल्या दोन खऱ्या आहेत.

उन्हे उतरली तेव्हा आम्ही परत निघालो. दुसऱ्या एका टेकाडाखाली कातळावर चार माणसे उभी होती. दोन बाया, एक म्हातारा, एक लहान मुलगा. जवळ आमचुराच्या दोन गोण्या. त्यांनी हात केला. बोटवाल्याने इंजिन मंद केले आणि माझ्याकडे पाहिले. “गुरुजी, घेऊ का यांना? दुपारपासून थांबलेत.” बोटीच्या अर्ध्याअधिक फळ्या रिकाम्या होत्या. परंतु ती आम्ही भाड्याने घेतली होती, म्हणून आपल्या गावच्या माणसांना आपल्या बोटीत घेण्यासाठी तो मला विचारीत होता. मी हो म्हणालो. माणसे चढली, गोण्या चढल्या, मुलगा माझ्या चपलांपाशी बसला. पलीकडे उतरताना थोरल्या बाईने पदराची गाठ सोडली, चार माणसांचे आणि दोन गोण्यांचे पैसे मोजून बोटवाल्याच्या हातात दिले आणि गोणी डोक्यावर घेऊन ती चढण चढू लागली.